तिघींची एक तपासणी

कापणीच्या टेबलाखालच्या खणात एकूण चौदा वस्तू होत्या. शर्टाच्या बाहीचे नऊ फर्मे, पुठ्ठ्याचे, कडा मळलेले. मूठ सैल झालेली एक कात्री. आईच्या जनुक तपासणीचा अहवाल, सहा पानी. थोरलीच्या जनुक तपासणीचा अहवाल, दोन पानी. आणि दोन पाकिटं, दोन्ही अजून चिकटवलेलीच, एकावर मधलीचं नाव, दुसऱ्यावर धाकटीचं.

थोरलीने दोनदा मोजलं. मोजायचं खरं तर काही कारण नव्हतं. खणाला कुलूप होतं आणि किल्ली पाच वर्षं तिच्याच पर्समध्ये होती. पण काही सुचेनासं झालं की ती समोर असेल ते मोजायला घ्यायची, बटणं म्हणा, कापडाचे थर म्हणा. मधलीच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता, त्याचा निकाल काल आला. कॅन्सर. घरात आधी कोणाची जनुकांची तपासणी झाली असेल तर कागद घेऊन या, असा दवाखान्याचा निरोप होता.

तिने दोन्ही अहवाल पिशवीत घातले. पाकिटं होती तिथेच राहू दिली, त्यांच्यावर फर्मे रचले आणि खण ढकलला.

"निघालीस का ताई?" टेबलाच्या पलीकडच्या टोकाला धाकटी कापडाचे थर लावत होती. "मधलीला म्हणावं, रडत बसू नकोस, मी संध्याकाळी येते. आणि त्या डॉक्टरला सांग, वंशाचं वगैरे काही नाही आमच्यात. ते तपासून झालंय म्हणावं."

"सांगते," थोरली म्हणाली.

आई आणि तीन मुली मिळून चालवायच्या तो कारखाना म्हणजे दोन लांबट खोल्या. पुढच्या खोलीत आठ शिलाई मशीन आणि इस्त्रीचं टेबल, मागच्या खोलीत कापणी. शाळांचे गणवेश, दवाखान्यांचे पांढरे कोट, असला सरळसोट माल. बाप लवकर गेला होता. घरात नावांनी कोणी कोणाला हाक मारली नाही. थोरली, मधली, धाकटी एवढ्यावर सगळं भागायचं, आणि कामगारांनीही तेच उचललं होतं. लहानपणी आई तिघींचे फ्रॉक एकाच फर्म्यावर कापायची. थोरलीला तोकडा व्हायचा, धाकटीला ढगळ, मधलीच्या अंगावर तेवढा बेतशीर बसायचा. नाकडोळे सारखे, आवाज सारखे, फोनवर तर गिऱ्हाइकांची हमखास फसगत व्हायची. इस्त्रीवाले काका पाठमोरं बघून चूक नको म्हणून तिघींनाही "अहो बाई" अशीच हाक मारत. "एकाच फर्म्याच्या आहेत माझ्या पोरी," असं आई ज्याला त्याला सांगायची, आणि त्यात कौतुक असायचं.

आईला पहिल्यांदा दुखणं झालं तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, केस गेले, केस आले. दहा वर्षांनी दुसऱ्या बाजूला गाठ निघाली. तेव्हा डॉक्टरांनी तिला तिसऱ्या मजल्यावर एका बाईंकडे पाठवलं. या बाई ना औषध देत ना तपासत. रक्ताचे निकाल समजावून सांगणं एवढंच त्यांचं काम. घरात त्यांचं नाव पडलं सल्ल्याच्या बाई. आईच्या एका जनुकात बदल सापडला. हा बदल असलेल्या बाईला छातीचा आणि अंडाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि तो मुलांकडे जाऊ शकतो. तिन्ही मुलींचं रक्त तपासून घ्या, असं बाईंनी सांगितलं.

तो शाळा उघडण्याआधीचा महिना होता. अडीच हजार शर्ट द्यायचे होते. तिघींनी एकदम कारखाना सोडून दवाखान्यात जाऊन बसणं म्हणजे काम बोंबलणं. आईने तोडगा काढला.

"थोरलीने जावं," ती म्हणाली. "चाळीस थरांची थप्पी कापतो तेव्हा काय चाळीसही थर उलगडून बघतो का आपण? वरचा बघतो. वरचा बरोबर तर खालचे बरोबर."

यात कोणालाही वावगं वाटलं नाही. त्या खोलीत चोवीस वर्षं असंच काम चाललं होतं आणि एकदाही थप्पी बिघडली नव्हती. थोरली गेली, रक्त देऊन आली, आणि साडेतीन आठवड्यांनी निकालाला पुन्हा गेली.

सल्ल्याच्या बाईंची खोली लहान होती. एक टेबल, समोर तीन खुर्च्या, भिंतीवर काही नाही.

"आईमध्ये आहे तो बदल तुमच्यात नाही," बाई म्हणाल्या. "प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. आईकडे एक बिघडलेली आहे, एक चांगली. तुमच्याकडे चांगली आली. तुमचा धोका आता चारचौघींइतकाच."

"म्हणजे सुटलो आम्ही."

"तुम्ही सुटलात. बहिणींचं मला माहीत नाही."

थोरली हसली. "अहो बाई, शितावरून भाताची परीक्षा."

"भात एका पातेल्यात शिजतो म्हणून ती परीक्षा चालते," बाई म्हणाल्या. त्यांना राग आलेला दिसला नाही. हे वाक्य त्यांनी याआधीही ऐकलं असावं. "तुम्ही तिघी तीन वेळा वेगवेगळ्या शिजलात. दर वेळी दोन प्रतींपैकी एक गेली, आणि कुठली जायची ते दर वेळी नव्याने ठरलं. तुम्हाला चांगली आली म्हणून बहिणींना चांगली आली असं होत नाही. तुमचा निकाल येण्याआधी त्यांची शक्यता निम्मी होती. आत्ताही निम्मीच आहे."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं."

थोरलीने सांगितलं. दोन प्रती, दर वेळी नवीन, बहिणींची निम्मी शक्यता, माझा कागद फक्त माझा. एकही गोष्ट सुटली नाही.

"पैकीच्या पैकी," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दोन पत्रं छापून, पाकिटात घालून, चिकटवून तिच्या हातात दिली. एक मधलीला, एक धाकटीला.

ती परत आली तेव्हा आठही मशीन चालू होती. आईने तिला दारात बघितलं आणि सरळ उठून मुख्य बटण बंद केलं. आठ मशीन एकेक करत थांबली.

"काय?" आईने विचारलं.

"नाहीये," थोरली म्हणाली. "माझ्यात नाहीये."

आई कापडाच्या ठाणांवर बसली आणि रडायला लागली. आधीची दोन दुखणी तिने कोरड्या डोळ्यांनी काढली होती. मधली तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. तिने पोट सांभाळत येऊन थोरलीला मिठी मारली. धाकटीने खडूने भरलेले दोन्ही तळहात थोरलीच्या गालांवर ठेवले आणि म्हणाली, "सुटलो गं बाई एकदाच्या." इस्त्रीवाल्या काकांनी सगळ्यांना चहा सांगितला. थोरलीने तोंड उघडलं होतं. पण आईचा चेहरा असा मोकळा झालेला तिने आजवर बघितला नव्हता. एक दिवस, तिने ठरवलं. एक दिवस राहू दे, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी बटणांची डिलिव्हरी चुकली. त्या आठवड्यात माल गेला. मग मधलीचं रक्तदाबाचं निघालं, डॉक्टर म्हणाले तिला काळजीत टाकू नका. मग बाळंतपण, मुलगी झाली. मग बाळ लहान. थोरलीने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर ती विसराळू ठरली असती, सहा महिन्यांनी सांगितलं असतं तर बेजबाबदार. दोन वर्षांनी काय ठरली असती यासाठी तिला शब्द सापडेना, आणि शब्द सापडेना म्हणून तिसरं वर्षही गेलं. आणखीही एक गोष्ट होती, ती ती स्वतःशीसुद्धा अर्धीच कबूल करायची. थोरली म्हणून आजवर तिच्या वाट्याला बिलं, भांडणं आणि वाईट बातम्या देणं एवढंच आलं होतं. आयुष्यात एकदाच तिच्या बातमीने घर आनंदाने रडलं होतं. ते परत घ्यायचं तिच्या जिवावर आलं.

आता त्याच लहान खोलीत तीन खुर्च्यांवर मधली, मधलीचा नवरा आणि थोरली बसले होते. सल्ल्याच्या बाईंचे केस पांढरे झाले होते. मधलीने त्यांच्या पांढऱ्या कोटाकडे बघितलं आणि थोरलीला कोपराने ढोसलं.

"आपला माल आहे बघ. खिसा वाकडा. धाकटीचा हात."

थोरलीला हसू आलं नाही. मधलीचा नवरा कारखान्याचा माल गाडीतून पोचवायचा. कमी बोलणारा माणूस. त्याने आत्ताही फाइल दोन्ही हातांनी गच्च धरली होती, बसमध्ये कोणी हिसकावून नेईल अशी. त्या फाइलमध्ये लिहिलं होतं: गाठ एक्केचाळीस मिलिमीटर, काखेतल्या दोन ग्रंथींमध्ये प्रसार.

"यांच्या उपचारांचं काही अंशी यावर ठरेल," बाई म्हणाल्या. "आईमधला बदल यांच्यात आहे का ते आधी बघू."

"ते नाहीये," मधली म्हणाली. "आमची तपासणी झालीय ना. पाच वर्षं झाली."

"तुमची?"

"आमची म्हणजे ताईची. ताईमध्ये निघालं नाही, म्हणजे आमच्यात नाही. असंच आपलं नशीब फुटलं म्हणून झालंय हे."

बाईंनी थोरलीकडे बघितलं. मग कॉम्प्युटरकडे, मग पुन्हा थोरलीकडे. "तुमच्या नोंदीतलं काही मी यांच्यासमोर बोलू शकते का?"

थोरलीने पिशवी मांडीवर घेतली. तिला एकदम जाणवलं की बाई विचारताहेत, म्हणजे अजूनही नाही म्हणता येईल.

"मीच बोलते," ती म्हणाली. "बाईंनी तेव्हा पत्रं दिली होती. एक तुला, एक धाकटीला. ज्याची त्याने स्वतःची तपासणी करावी म्हणून. माझा निकाल तुम्हाला लागू होत नाही, असं लिहिलंय त्यात."

"कुठे आहेत?"

"खणात."

"विसरलीस द्यायला?" मधलीने विचारलं. तिच्या आवाजात अजून मदतीचा हात होता. हो म्हण, असा.

"नाही."

"वाचली होतीस?"

"वाचायची गरज नव्हती. मला पाठ होतं सगळं."

मधलीने पदराशी चाळा करावा तसा नवऱ्याच्या हातातल्या फाइलच्या नाडीशी चाळा केला. मग ती बाईंकडे वळली. "तेव्हा कळलं असतं तर काय झालं असतं?"

"तुमच्यात तो बदल असता, तर दर वर्षी एमआरआय झाला असता."

"त्यात दिसलं असतं?"

"बहुतेक. बहुतेक लहान असतानाच दिसलं असतं. खात्रीने मला सांगता येणार नाही."

"लहान म्हणजे केवढं?"

बाईंनी उत्तर टाळलं नाही. "पुष्कळदा एक सेंटिमीटरच्या आत."

मधलीच्या नवऱ्याने फाइल उघडली, एक्केचाळीस हा आकडा बघितला, फाइल मिटली. "ताई," तो म्हणाला, "तुम्ही बाहेर थांबा." त्याने आवाज चढवला नाही. बारा वर्षांत तो थोरलीशी असाच अदबीने बोलत आला होता.

थोरली उठली. दाराशी पोचली तेव्हा मागून मधलीचा आवाज आला. "थांब ना. माझ्या पोरीला पाचवं लागलंय. तिचा पण निकाल तूच सांगून टाक, ताई. उगाच कशाला लेकराचं रक्त काढायचं."

त्या संध्याकाळी थोरलीने कुलूप काढलं आणि धाकटीच्या नावाचं पाकीट धाकटीच्या हातात दिलं. एका वाक्यात काय ते सांगितलंही. धाकटीने पाकीट कात्रीने कापलं, पत्र टेबलावर सपाट केलं आणि कापडाचा डाग शोधावा तसं बोट फिरवत वाचलं. खाली तारीख होती.

"या तारखेला आपण काय करत होतो?" तिने विचारलं.

"गणवेश. बाह्या कापत होतो."

"मी तुझ्या गालाला खडू लावला होता."

"हो."

धाकटीने पत्राची चार घड्यांची घडी घातली आणि ती गेली. दुसऱ्या दिवसापासून दोघी एकाच टेबलावर, सहा फुटांच्या अंतरावर उभ्या राहून काम करत होत्या, आणि धाकटी एक शब्द बोलत नव्हती. सांगायचं असेल ते ती खडूने कापडाच्या काठावर लिहायची. "४० थर." "डावी बाही." "कॉलर उद्या." थोरली वाचायची, तेवढी पट्टी कापणीत निघून जायची. काठावर न मावणारा निरोप इस्त्रीवाल्या काकांकडून यायचा. तिसऱ्या दिवशी इस्त्रीवाले काका म्हणाले, "माझा या घरात पगार इस्त्रीचा आहे का टपालाचा, ते एकदा ठरवा," आणि कोणी हसलं नाही तेव्हा त्यांनी मान खाली घालून वाफ सोडली.

मधलीच्या रक्ताचा निकाल आला. बदल होता. तिची औषधं सुरू झाली. आता धाकटीने तपासणी करायची, एवढी एकच गोष्ट उरली होती, आणि धाकटी करत नव्हती. मधली फोनवरून सांगून थकली. धाकटी म्हणायची, जाईन. सोमवारी जाईन. हा लॉट जाऊ दे, मग जाईन. सल्ल्याच्या बाईंचा स्वतः फोन आला, त्यांनाही तिने हो हो म्हटलं. एकदा मात्र ती मधलीला काय म्हणाली ते थोरलीने दाराआडून ऐकलं. "या घरात आलेल्या कुठल्याही कागदावर माझा आता विश्वास नाही. चांगला निघाला तरी मला खरा वाटायचा नाही." एक आठवडा गेला, दोन गेले, चार गेले. दिवस कसे ढकलायचे हे थोरलीला दुसऱ्या कोणी शिकवायला नको होतं. प्रत्येक सोमवार कुठे जातो ते ती बरोबर ओळखत होती.

शेवटी ती आईकडे गेली. आई आतल्या पलंगावर बसून डब्यात बटणं निवडत होती, दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची एकीकडे.

"तू सांग धाकटीला. माझं ऐकायची नाही ती. तुझं ऐकेल."

"मी कोणत्या तोंडाने सांगू," आई म्हणाली.

"तुझा काय दोष? तुला कुठे माहीत होतं?"

आईचा हात डब्यात थांबला.

"मला बाईंनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या आधी. माझा निकाल दिला तेव्हाच. प्रत्येक मुलीचं वेगळं असतं म्हणून."

थोरली खाली बसली. "मग एकीने जा का म्हणालीस? वरचा थर, खालचा थर, ते सगळं..."

"माझ्या पोटातून गेलेलं आहे ते. तीन पोरींचे तीन निकाल ऐकायचे म्हणजे तीनदा फाशी. एक ऐकू म्हटलं. चांगला निघाला तर तेवढ्यावर राहू." तिने एक बटण उचललं, चुकीच्या ढिगात टाकलं. "तू आलीस आणि म्हणालीस, माझ्यात नाही. 'माझ्यात' म्हणालीस, ते ऐकलं मी. कान शाबूत होते माझे. वाट बघितली तू पुढे काय बोलतेस त्याची. तू नाही बोललीस. मी म्हटलं, पोरगी शहाणी आहे."

"आई, मी तुझ्यासाठी गप्प बसले."

"मी पण तुझ्याकडेच बघून गप्प बसले." आईने डब्याचं झाकण लावलं. "हे धाकटीच्या कानावर घालू नकोस. एकीवर राग आहे तो पुरे आहे. तू आता भिजलीच आहेस, तुला आणखी चार थेंबांचं काय? म्हातारपणी मला पोरींच्या नजरेतून उतरवू नकोस."

थोरलीने डबा उचलून कोपऱ्यात ठेवला. गप्प बसणं हेच या घरात होकार समजलं जायचं, आणि आईने ते तसंच समजून घेतलं.

चार दिवसांनी, भर कामात, धाकटीने कापणीच्या मशीनचं बटण बंद केलं. तिच्यासमोर आईचा सहा पानी अहवाल होता. खणाला आता कुलूप नसायचं.

"मी हा पूर्ण वाचला," ती म्हणाली. एकसष्ट दिवसांनंतर तिचा आवाज थोरलीला उद्देशून येत होता. "पहिली पाच पानं सगळ्यांनी बघितलीत. सहावं कोणी बघितलं नाही, त्यावर नुसत्या सह्या आहेत म्हणून. काय लिहिलंय ते वाचते. 'प्रत्येक अपत्यामध्ये हा बदल असण्याची शक्यता स्वतंत्रपणे निम्मी आहे, हे मला समजावून सांगण्यात आले व मला ते समजले.' खाली आईची सही आहे."

पुढच्या खोलीतली मशीन थांबलेली होती. जेवणाची सुट्टी नुकतीच झाली होती. उघड्या दारातून आई दिसत होती, काजं तपासत बसलेली. तिची मान वर आली नाही, पण हात थांबले.

"मी तिला विचारलं," धाकटी म्हणाली. "म्हणते, चष्मा नव्हता, सही कर म्हणाले, केली. आता तुला विचारते. आईला माहीत होतं का?"

"तू तपासणी कर आधी."

"सौदा नको. हो का नाही, एवढंच. या घरात मला एक, फक्त एक खरं उत्तर मिळालं ना, तर मी उद्या सकाळी जाते. नाही मिळालं तर तो सल्ला, ती पत्रं, सगळं तुम्हा दोघींना लखलाभ."

थोरलीने टेबलावरचे थर मोजायला घेतले. सातपर्यंत आली. नाही म्हटलं असतं तर आई तिची राहिली असती, आणि धाकटीने कदाचित मानलंही असतं. दारापलीकडे आई तिच्याकडे बघत होती. पाच वर्षांपूर्वी बटण बंद करून बघितलं होतं तशीच.

"हो," थोरली म्हणाली. "तिला माहीत होतं. माझ्याही आधी."

आई उठली. चष्मा काढून पिशवीत ठेवला, काजांचा ढीग नीट एकावर एक लावला आणि भिंतीला हात धरत आत गेली. दार तिने आपटलं नाही. त्या दिवसापासून तिने थोरलीबरोबर जेवणं सोडलं. काही सांगायचंच झालं तर ती थोरलीला "अहो बाई" म्हणायची.

"आईला कशाला ते," मधली फोनवर थोरलीला म्हणाली. औषधांनी तिचा आवाज बसला होता. "एक मला सांगायचं होतं, ते सांगितलं नाहीस. आणि जे कोणा मेल्याच्या कामाचं नव्हतं, ते सांगून मोकळी झालीस. तुझं टायमिंग, ताई, कधी जमलंच नाही."

धाकटी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. थोरली चपला घालून दारात उभी होती. धाकटी तिच्या बाजूने, अंग चोरून निघून गेली. निकालालाही ती एकटीच गेली. संध्याकाळी कापडाच्या काठावर खडूने एक शब्द होता, "आहे," आणि त्याखाली, "बुधवारी एमआरआय, माझ्यासाठी थर लावू नको, मी नसेन." ते कापड थोरलीने कापलं नाही, बाजूला ठेवलं. मग नोंद चुकायला नको म्हणून पुन्हा थप्पीत घातलं आणि कापलं.

बुधवारनंतर सोमवारी धाकटीला पुन्हा बोलावलं गेलं, एक तुकडा काढायला. त्यानंतर नऊ दिवस कारखान्यात सगळं नेहमीसारखं चाललं. कोटांचा लॉट होता. थोरलीने तीन वेळा विचारायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा धाकटीने मशीन सुरू केलं.

दहाव्या दिवशी दुपारी धाकटी दवाखान्यातून थेट मागच्या खोलीत आली. तिने पर्स खुंटीला लावली, हात धुतले, कोरडे केले, आणि एक कागद थोरलीच्या बाजूला, टेबलाच्या मधल्या रेघेच्या पलीकडे सरकवला. मग ती पट्टी घेऊन पुढचे थर सरळ करायला लागली.

थोरलीने कागद उचलला.

उजवी बाजू, वरचा बाहेरचा भाग. गाठ एक. तुकड्याच्या तपासणीत कॅन्सर. आकार सात मिलिमीटर. काखेतल्या ग्रंथींमध्ये प्रसार आढळला नाही.